राणीचा दगड आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींबद्दल सांगायचं तर आधी परसातल्या त्या धोंड्याबद्दल सांगावं लागतं, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागतं.

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर तोच. भाऊजींनी चवड्यावर उभं राहून हात वर केला तरी टोकाला पोचत नाही. एका अंगाला जरा कललेला, पाण्याचे ओघळ पिऊन काळा पडलेला, खाली रुंद आणि वर निमुळता. तो कोणी उभा केला, कशासाठी केला, कोणालाच ठाऊक नाही. वस्ती त्याच्याभोवती वाढली, घरं त्याला वळसा घालून उभी राहिली, आणि भाऊजींच्या आजोबांनी हे अरुंद दुमजली घर घेतलं तेव्हा धोंडाही घराबरोबर आला. भाऊजी त्याला शिळा म्हणतात. मी धोंडाच म्हणते. ताईच्या घरात राहायला लागल्यापासून माझं आणि त्यांचं पहिलं भांडण याच शब्दावरून झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी ताईची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे भाऊजी मला नावाने हाक न मारता नर्सबाई म्हणतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढची माझी, नुसता झरोका असलेली, मागची त्या दोघांची. खाली पुढे रस्त्याला लागून भाऊजींचं दुकान आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर. बस, एवढंच घर.

भाऊजी पाट्या रंगवतात. त्यांना पेंटर म्हटलेलं चालतं, रंगारी म्हटलं की दिवसभर बोलत नाहीत. भिंती कोणीही रंगवील, अक्षर काढायला हात लागतो, असं त्यांचं म्हणणं. बाजारातली निम्म्याहून अधिक दुकानं एके काळी त्यांच्या अक्षरांखाली उघडत होती. आधी ओळ सरळ येण्यासाठी दोरा मारायचा, मग मधलं अक्षर, मग तिथून दोन्ही बाजूंना. पाटी एका बाजूला जड झाली की ते ती पुसून पुन्हा करत, मग गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही घड्याळाकडे बघो. माणूस कामाचा होता, यात वाद नाही. वाद आहे तो त्यांनी परसात लावलेल्या पाटीबद्दल.

तेव्हा परसाला भिंत नव्हती. मागच्या गल्लीतून लोक सरळ आत येऊन धोंड्याच्या पायाशी कचरा टाकत, आणि पुरुषमंडळी त्याच्या आडोशाला जे करायचं ते करत. भाऊजींनी ‘येथे घाण करू नये’ असं लिहिलं. मग त्यात ‘कृपया’ घातलं. मग ‘कृपया’ काढून ‘दंड होईल’ घातलं. ढिम्म फरक नाही. वासाने ताईच्या नाकी नऊ आले. शेवटी भाऊजींनी एक चांगली लांबरुंद फळी घेतली, निळी जमीन दिली आणि वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, ‘युद्धावरून परतताना राणीने या शिळेला पाठ टेकून रात्र काढली.’

कोण राणी, कुठलं युद्ध, असं ताईने विचारलं तेव्हा म्हणाले, “असेल गं कोणीतरी. एवढी युद्धं झाली, एखादी तरी इथून गेलीच असेल.”

एवढ्यावर थांबले असते तरी मी काही बोलले नसते. पण मजकूर संपला आणि खाली जागा उरली. पाटीवर मोकळी जागा उरली की भाऊजींना घास गोड लागत नाही. म्हणून त्यांनी खाली साल घातलं. कुठलं साल? तर ज्यात दोन पाच आणि एक नऊ येतो असं, कारण पाच आणि नऊ काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. राणीने कुठल्या साली दमावं हे असं ठरलं.

गल्ली स्वच्छ झाली, हे मला कबूल करावंच लागतं. पण लोक घाण करायचे थांबले एवढंच नाही, ते बघायला यायला लागले. आधी एक शिक्षक शाळेची पोरं घेऊन आले. मग वर्तमानपत्रात फोटो आला. नगरपालिकेने गावाची माहितीपुस्तिका काढली त्यात राणी आली, सालासकट. म्हातारी माणसं सांगायला लागली की आमच्या पणजीने राणीला पाणी दिलं होतं. भाऊजी मागच्या दारात उभे राहून ऐकायचे आणि मान डोलवायचे. हळूहळू त्यांनाही खरं वाटायला लागलं असावं, कारण राणीच्या घोड्याचा रंग कोणता होता हेसुद्धा ते पाहुण्यांना सांगू लागले. वरच्या खिडकीतून ताई ओरडायची, “परवा तर काळा म्हणालात!”

मग पुराणवस्तू खात्याची माणसं आली. भाऊजींनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा पाजला, धोंड्याच्या कुशीतले खड्डे दाखवले. बंडाच्या वेळी इथे माणसं उभी करून गोळ्या घातल्या, असं म्हणतात ते खड्डे. दुसऱ्या अंगाला छिन्नीने मारलेली आडवी खूण आहे, दोन जमीनदारांनी हद्दीच्या भांडणात मारलेली. तीही दाखवली. खात्याची माणसं खूश झाली आणि थोड्याच दिवसांत धोंडा सरकारी संरक्षणाखाली गेला. गल्लीच्या बाजूला कमरेएवढी भिंत आली, भिंतीला फाटक आलं, आणि फाटकावर सूचना आली. परसात बांधकाम करू नये. खणू नये. शिळेस दोरी, तार अथवा काहीही बांधू नये. सूचनेची अक्षरं बघून भाऊजी हळहळले. म्हणाले, तोल नाही, मला सांगितलं असतं तर मी लिहून दिली असती.

आता, शिळेस दोरी बांधू नये म्हणजे काय, ते ऐका. घर घेतलं तेव्हापासून त्या धोंड्याला एकच काम होतं, कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक धरून उभं राहायचं. ते बंद झालं. ताई ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढून वरच्या सज्जात कपडे वाळत घालायला लागली. आमचा जिना अरुंद, मध्येच काटकोनात वळणारा. एका सकाळी ती वळणावर घसरली आणि बादलीसकट खालपर्यंत आली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पायात ताकद आली नाही. सपाट जमिनीवर वॉकर धरून ती चार पावलं टाकते, जिन्याची एक पायरीही उतरू शकत नाही. तपासणीला न्यायचं तर खुर्चीला बांधून चौघांनी उचलायचं, आणि उतरताना ती डोळे गच्च मिटून घेते. बाकी सगळे दिवस वर, मागच्या खोलीत, खिडकीत. आणि खिडकीतून काय दिसतं? धोंडा.

जन्मभर रस्त्यावर जीव असलेली बाई ही. भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, समोरच्या शिंपिणीच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची, कोणाच्या घरी कोण आलं हे त्या घरच्या माणसांआधी तिला माहीत असायचं. एकदा मला म्हणाली, “अगं, मला खाली घेऊन चल ना. दारात बसते नुसती. माणसं बघते. या दगडाचा मला वीट आलाय.” नर्सची नोकरी करताना मी बरंच काही ऐकून घेते, पण हे मला ऐकवलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी भाऊजींना म्हटलं, दुकानाची खोली रिकामी करा, तिथे ताईचा पलंग टाकू. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. “धंदा कुठे नेऊ, नर्सबाई? ऑर्डरी पडल्यात.” मी काही बोलणार तेवढ्यात पलंगावरून ताईच म्हणाली, “नको गं. त्यांचा धंदा बसेल. मला इथे बरं आहे.” कालपरवा माणसं बघायचीत म्हणून रडलेली बाई! मी कपाळावर हात मारला.

मग भाऊजींनीच तोडगा काढला. परसात, स्वयंपाकघराला लागून, एक खोली बांधायची. परवानगीसाठी खात्याकडे अर्ज केला. अर्ज परत आला. पुन्हा केला. कार्यालयात जाऊन बसले, साहेब जेवायला गेलेले. पुन्हा गेले, साहेब बदलून गेलेले. दर वेळी घरी येऊन ताईच्या उशाशी बसून सांगायचे, “होईल आता. पुढच्या वेळी होईल.” ताई म्हणायची, “होईल हो.” एवढ्या काळात माणसाने डोंगर खणला असता. माझा संताप संताप व्हायचा, आणि दोघांपैकी एकाने तरी माझ्याबरोबर चिडावं तर दोघंही शांत.

अखेर खात्याने जागा पाहायला एक बाई पाठवल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पायांत मातीने भरलेले बूट, हातात टेप. आल्याबरोबर त्या मोजायलाच लागल्या, म्हणून मी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. धोंड्याची उंची मोजली, कल मोजला, खड्डे मोजले, धोंड्यापासून स्वयंपाकघराचं दार मोजलं. मग टेप गुंडाळत म्हणाल्या, “नाही हो काका. इथे पायासुद्धा खणता येणार नाही.”

मी भाऊजींना कोपराने ढोसलं. आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. राणीची भानगड खोटी आहे हे सरळ सांगून टाकायचं. राणीच गेली की दगडाचं महत्त्व गेलं, महत्त्व गेलं की खोली उभी राहिली, असा माझा हिशेब.

भाऊजी पाटीकडे बघत उभे राहिले. कानशिलं लाल झालेली.

“बोला की,” मी म्हटलं.

“बाई, ती राणी...” भाऊजी घसा साफ करत म्हणाले. “म्हणजे, राणी कोणी आली नव्हती. ते मी लिहिलंय. लोक घाण करत होते म्हणून. सालही माझंच.”

हे बोलताना त्यांचा आवाज एवढा बारीक झाला की क्षणभर मलाच कसंतरी झालं. गावभर त्यांचं नाव त्या पाटीमुळेच होतं.

मोजणीबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. “काका, ते आम्हाला माहीत आहे. त्या साली इकडे युद्धच नव्हतं. दगडाला संरक्षण राणीमुळे नाही दिलेलं.”

“मग कशामुळे?” हे मी.

त्यांनी धोंड्यावर तळवा ठेवला. “हा कोणी उभा केला ते कळायला मार्ग नाही. लोखंड नव्हतं, लिहिणं नव्हतं, तेव्हाची माणसं. दगड इथला नाही, दूरवरून ओढत आणलाय. बहुधा कोणीतरी गेलं असणार, त्याच्यासाठी. खाली हाडं असतील, नसतीलही. नंतर जो आला त्याने याला आपलं काहीतरी चिकटवलं. कोणी हद्द केली, कोणी बंडखोर याच्यापुढे उभे केले. तुम्ही राणी आणलीत. तीही मी नोंदवून घेणार आहे. पाटी काढू नका हं.”

“पाटीसुद्धा?” भाऊजींनी विचारलं.

“पाटीसुद्धा. अक्षर सुंदर आहे.”

आणि काय सांगू, भाऊजींचा चेहरा खुलला! खोली गेली, बायको वर अडकली ती अडकलीच, आणि हा माणूस पाचाचं वळण कसं साधायचं ते त्या बाईला हवेत बोट फिरवून दाखवतोय. मला तिथल्या तिथे धोंड्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण तेही नियमात बसलं नसतं.

मोजणीबाई फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तोंड आवरलं. मग सुटले. “झालं समाधान? सरकारने पाठ थोपटली ना? आता सरळ दुकान रिकामं करायचं. मला एकही ऑर्डर ऐकायची नाही. दगडाच्या नावाने खूप दिवस काढलेत.”

“अगं, पण...”

“पण नाही आणि बिण नाही!”

वरच्या खिडकीतून ताईचा आवाज आला, “राहू दे गं. कशाला त्यांच्या मागे लागतेस?”

“तू गप्प बस!” मी वर बघून ओरडले. थोरल्या बहिणीला जन्मात कधी असं बोलले नव्हते. गल्लीत उभे असलेले दोन पाहुणे राणीचा दगड न बघताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पदर खोचला आणि सकाळीच दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. भाऊजी आत होते. रोजच्यासारखा इस्त्रीचा सदरा घालून, वेळेवर खाली उतरलेले. मला बघून ते दारात आडवे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी वाट अडवली.

“आत पसारा आहे, नर्सबाई.”

“तोच आवरायला आलेय.” मी त्यांना बाजूला करून आत शिरले.

पसारा नव्हता. खोली झाडून पुसून लख्ख होती. रंगाचे डबे फळीवर ओळीने लावलेले. मी एक उचलला, हलवला. आतून काही हललं नाही. दुसरा उचलला. तोही तसाच. झाकणं वाळलेल्या रंगाने जाम बसलेली, ब्रश लाकडासारखे कडक. भिंतीशी तोंडं करून पाट्या उभ्या होत्या, त्या भाऊजींच्या ऑर्डरी. मी एक फिरवली. चौकातल्या बुटाच्या दुकानाची. ते दुकान बंद होऊन किती काळ लोटला! दुसरी फिरवली, ती कोरी. तिसरी कोरी. बाजारात आता सगळ्या पाट्या मशीनवर छापून येतात, हे मी रोज दवाखान्यात जाता-येता बघत होते. बघत होते आणि भाऊजींच्या ऑर्डरींवर विश्वासही ठेवत होते.

खिडकीपाशी लाकडी घोडीवर एक फळी लावलेली होती. तिच्यावर एकच अक्षर पेन्सिलने पुन्हा पुन्हा काढलेलं. वरच्या ओळीत बरं होतं. खाली येता येता रेघ डगमगत गेली होती, आणि शेवटच्या ओळीत ते अक्षर आहे हे सांगावं लागलं असतं.

मी मागे वळून त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, तरी तो थरथरत होता. दिवसभर मी लोकांचे हात तपासते. घरातला हात खिशात असायचा, पाठीमागे असायचा, आणि मी कधी विचारलं नाही. मला स्वतःचाच राग आला.

“हिला सांगू नका,” भाऊजी म्हणाले. मला अहोजाहो करत नव्हते ते कधी. “तिला वाटतं मी कामावर येतो.”

मी जिना चढून वर गेले. सांगायचं नाही असं ठरवूनच गेले होते. दुकान बघितलं, फारच सामान आहे, नंतर बघू, असं काहीतरी बोलणार होते. ताई उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, “बघितलंस?”

“काय बघितलं?”

“अगं, वर पडून माणसाला दुसरं काम काय? खालचं सगळं ऐकू येतं. पूर्वी सकाळी डबा उघडल्याचा आवाज यायचा, फळी घासल्याचा यायचा, गिऱ्हाईकाशी वाद यायचा. आता जातात, स्टुलावर बसतात, रेडिओ लावतात. जेवायला वर येतात. पडण्याच्या आधीपासून मला माहीत आहे.”

“आणि तू बोलली नाहीस? एवढे दिवस इथे पडून राहिलीस? मी त्या खात्याच्या मागे, अर्जांच्या मागे... ताई, तुम्ही दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का?” मी ओरडत होते आणि रडत होते, दोन्ही.

“मी खाली आले असते,” ताई म्हणाली, “तर ते रोज सकाळी कुठे गेले असते?”

मी तिचे पाय चेपत बसले. मग तीच म्हणाली, “आता तू बघितलंसच आहेस. तर घेऊन चल मला.”

त्याच दुपारी दवाखान्यातले चौघे वॉर्डबॉय बोलावले. भाऊजींनी डबे, पाट्या, घोडी, सगळं स्वतः उचलून स्वयंपाकघरात आणि जिन्याखाली ठेवलं. ताईला खुर्चीवरून उतरवलं, पलंग रस्त्याकडे तोंड करून टाकला. समोरची शिंपीण काम टाकून धावत आली. ताई संध्याकाळपर्यंत बोलतच होती. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते आणि पुन्हा पुन्हा हात खिशात घालत होते. रात्री त्यांनी पलंगाशेजारी अंथरूणही घातलं नाही, वरच्या खोलीत एकटेच जाऊन झोपले.

सकाळी मी ताईचा चहा घेऊन दुकानाच्या खोलीत आले, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले होते, आणि खाली उतरल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. दारापर्यंत आले, पलंग बघून तिथेच थबकले, परत फिरायला लागले.

ताईने मला हळूच हाताने बाजूला केलं आणि पलंगाशेजारचं त्यांचं स्टूल थोपटलं.

“आज उशीर केलात,” ती म्हणाली.